रंगपंचमीचे जेली शॉट्स: जिलेटिन घ्यावं की चायना ग्रास?

नाशिकच्या रंगपंचमीला पार्टीची थीम शोधत बसावं लागत नाही. रहाडी आहेतच. जुन्या गावातल्या या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात, रंगपंचमीच्या तोंडावर उघडतात आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला असतो: शनी चौकाची गुलाबी, तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. ज्यांना गर्दीत धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मारायचा नाही, किंवा मारून आल्यावर गच्चीवर मित्रमंडळी जमवायची आहेत, त्यांच्यासाठी या तीन रंगांचे जेली शॉट्स, म्हणजे दारू घालून जमवलेली घोटभर जेली, हा झकास बेत आहे. छोटे कप, रंगीत थर, वर थोडी नक्षी. करायला घेतलं की पहिला प्रश्न एकच पडतो: जिलेटिन घ्यायचं की चायना ग्रास?

मी दोन्ही वापरलंय आणि दोन्हींचे ट्रे रिकामे झालेले पाहिलेत, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरं चूक असा हा मामला नाही. जिलेटिन आधी थंड पाण्यात फुलवायचं, चायना ग्रास उकळायचं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रमाणाचंही थोडक्यात उरकतो. पाव लिटर द्रवाला जिलेटिन सात-आठ ग्रॅम, साच्यातून सोडवायचं असेल तर दहापर्यंत. तेवढ्याच द्रवाला चायना ग्रासची पावडर दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. वजनाला चायना ग्रास महाग आहे, पण लागतं कमी, त्यामुळे पैशाच्या हिशोबाने दोघांत फारसा फरक पडत नाही. दोन्ही वस्तू केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. मेन रोडला किंवा रविवार कारंजाला एक चक्कर मारली तर कप, साचे आणि खायचे रंगही त्याच फेरीत होतात.

आधी जिलेटिनची बाजू, कारण तोंडात ठेवल्यावर ते वरचढ आहे आणि हे लपवून पुढे जाणं लबाडी होईल. जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आतच वितळते. म्हणजे जिभेच्या उबेने तिचं पाणी होतं आणि आत अडकलेला स्वाद एकदम मोकळा होतो. कपाच्या कडेने बोट फिरवायचं, कप तोंडाला लावायचा, सुर्रकन आत. शॉट म्हणतात तो हाच. चायना ग्रास ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे ते तोंडात तुटतं, विरघळत नाही. ते चावावं लागतं आणि स्वाद हळूहळू येतो. म्हणून साखर आणि लिंबू दोन्ही थोडं चढं ठेवावं लागतं; सरबत चाखताना जरा जास्तच झालंय असं वाटलं की जेलीत ते बरोबर लागतं. दिसण्यातही जिलेटिन जास्त नितळ. उन्हात धरलं तर आरपार दिसतं. चायना ग्रासमध्ये हलकीशी धूसरता राहतेच, कितीही गाळा.

आता पाहुण्यांची यादी. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून बनतं, चायना ग्रास समुद्री शेवाळापासून. आपल्याकडे ही गोष्ट मोठी. हातात ग्लास धरून ‘यात प्राण्याचं काही नाही ना?’ असं विचारणारे लोक प्रत्येक मित्रमंडळात असतात. दारू चालते, हाड चालत नाही. मला यात विसंगती वाटत नाही; ज्याचा त्याचा नेम. शिवाय पार्टी गच्चीवर असली की बिल्डिंगमधली मंडळीही येऊन जातात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू माळकरी आहेत. बिनदारूचा ट्रे त्यांच्यापुढे धरला तर त्यांचा पहिला प्रश्न, “दादा, हे कशाचं आहे ते आधी सांग.” “चायना ग्रास, काकू. पूर्वी पुडिंग करायचात ना तुम्ही, तेच.” “मग दोन दे.” विषय मिटला. जिलेटिन असतं तर मला तो ट्रे त्यांच्यापुढे धरताच आला नसता.

आणखी एक वाट लोक सुचवतात: तयार शाकाहारी जेली क्रिस्टल्स. त्यांतली बरीचशी कॅरागीनन या दुसऱ्या शेवाळी पदार्थावर जमतात. पाकिटावर ४०७ हा आकडा दिसला की समजायचं. घाईच्या वेळी ठीक आहेत. पण रंग त्यांचा, साखर त्यांची, वास त्यांचा, आणि दारू घातली की जेली ढिली पडते असा माझा अनुभव. रहाडीचा नेमका रंग साधायचा असेल तर ती वाट सोडा.

तरीही, शाकाहार-मांसाहारावर माझा निर्णय ठरला नाही. दोन वेगळे ट्रे करता येतात, चिठ्ठ्या लावता येतात. त्याच्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या रंगांशी आणि नाशिकशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली पिवळ्या रंगाची. तिवंध्याच्या पिवळ्यासाठी अननस हा कुणाच्याही डोक्यात येणारा पर्याय. ताज्या अननसाचा रस जिलेटिनमध्ये घातला तर जेली बसतच नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी सरबतच मिळेल. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. पपई, किवी, ताजं आलं यांचीही हीच तऱ्हा. रस चांगला उकळून घेतला किंवा डब्यातला अननस वापरला की प्रश्न सुटतो, पण उकळलेल्या अननसाला ताज्याची चव नसते. चायना ग्रास प्रथिन नाही, त्याला ब्रोमेलेनशी देणंघेणं नाही. फक्त आंबट रसात ते उकळायचं नाही, नाहीतर कमजोर होतं. साध्या पाण्यात साखरेबरोबर उकळून घ्यायचं आणि रस मागून घालायचा.

दुसरी वाइनची. नाशिकमध्ये पार्टी आहे आणि कुणीच वाइनची बाटली आणली नाही, असं सहसा होत नाही. पांढऱ्या वाइनचे शॉट्स, समजा शेनिन ब्लांचे, दोन्हींत छान होतात. लाल वाइनला जिलेटिन त्रास देतं. वाइन बनवणारे लाल वाइनचा तुरटपणा उतरवायला जिलेटिन वापरत आलेत. ते तुरटपणा देणाऱ्या टॅनिनला धरतं आणि गाळ होऊन खाली बसतं. तुमच्या कपात नेमकं तेच होतं: शिराझचा तो खोल रंग गढुळतो आणि जेलीत तंतू दिसायला लागतात. चायना ग्रासमध्ये हा खेळ होत नाही. मूळची थोडी धूसरता असते तेवढीच.

या दोन्ही गोष्टींना तोड आहे. अननस उकळा, लाल वाइन टाळा. जिलेटिनवर जीव असेल तर एवढं कुणीही करेल.

मग ठरलं कशावर? फ्रीजवर.

जिलेटिनचा खरा त्रास पाककृतीत कुठे लिहिलेला नसतो, कारण ती लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा रिकामा फ्रीज असतो. रंगपंचमीच्या आदल्या रात्री आपला फ्रीज कसा असतो ते आठवा. दुधाची पातेली, थंडाईसाठी वाटून ठेवलेला मसाला, होळीच्या पुरणातून उरलेलं काहीबाही, पाण्याच्या आडव्या पाडलेल्या बाटल्या, बर्फाचे ट्रे, आणि भिजवलेली कणीक, जी सकाळी लागणारच असते. त्यात तीस-चाळीस कपांचे ट्रे ठेवायचे, तेही सपाट. तिरपा ठेवला की थर तिरपा बसतो. फ्रीजच्या जाळीवर ट्रे कधीच पुरता सपाट राहत नाही. खाली कार्डाची घडी सारून तोल साधावा लागतो. तीन रंगांचे थर म्हणजे प्रत्येक थरानंतर अर्धा तास थांबणं, आणि त्या अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी दार उघडतंच. आपटून बंदही करतं. एकदा फ्रीजचा दिवा लागला की आतले सगळे कप एका लयीत हलताना दिसतात, आणि ओला थर कपाच्या एका कडेला चढून तिथेच बसतो. त्या वेळी कुणावर ओरडायचं? घरातल्यांना तहान लागलेली असते, एवढंच. वर वासाचं वेगळं. झाकण नसलेल्या जिलेटिनला कापलेल्या कांद्याचा वास रात्रभरात लागतो. म्हणून प्रत्येक कपाला झाकण हवं. झाकण लावलं की नक्षीची उंची मोजूनमापून ठेवावी लागते.

हे सगळं पार पडलं तरी खरी कटकट पार्टी सुरू झाल्यावर सुरू होते. मार्चमध्ये नाशिकला दुपारचा पारा ३५ च्या घरात असतो, आणि गच्चीच्या फरशीवर त्याहून जास्त. जिलेटिनचा शॉट त्याच आकड्याच्या खाली पाणी व्हायला लागतो, आणि आतल्या दारूमुळे तो आधीच थोडा नरम असतो. बाहेर आणल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कडा सुटतात, गुलाबी थर पिवळ्यात उतरतो आणि आदल्या रात्री जपलेल्या रेषा पुसल्या जातात. बर्फाच्या परातीत ट्रे ठेवता येतो, पण परातीत पाणी साचतं, कप तरंगायला लागतात आणि रंगाने माखलेले हात त्यातच बुडतात. मग उपाय एकच उरतो: थोडे थोडे शॉट्स वर न्यायचे, संपले की पुन्हा खाली यायचं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. सगळे वर रंग खेळतायत आणि यजमान लग्नातल्या कोठीवाल्यासारखा फ्रीजच्या दारापाशी हिशोब करत उभा. “अजून आहेत का रे?” असं वरून कुणी ओरडलं की जिना चढायचा. मित्राला फ्रीजवर बसवावं म्हटलं तर तो दर फेरीला एक शॉट स्वतः खातो, त्यामुळे तोही फार वेळ उपयोगाचा राहत नाही.

ही एक अडचण माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यावर भारी पडली. चवीतला फरक पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. गच्चीवर वितळलेला ट्रे सगळ्यांना दिसतो, आणि यजमान पार्टीत नाही हेही लक्षात येतं.

उन्हाने जिलेटिनला हरवणं ही गोष्ट जुनीच आहे, आणि तिच्यातूनच चायना ग्रास विज्ञानात शिरलं. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे. उन्हाळ्यात ते वितळायचं, आणि जंतूंना मानवेल इतक्या उबेत ठेवलं तरी वितळायचं. शिवाय काही जंतू ते खाऊन पातळ करायचे. तिथे काम करणारे वॉल्टर हेस यामुळे वैतागलेले असताना त्यांची पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ मध्ये सुचवलं की मी जेलीसाठी आगर वापरते ते घेऊन बघा. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते समजलं होतं. आज कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या बशीत जे जमवलेलं असतं ते आगरच, म्हणजे आपलं चायना ग्रास. जर्मनीच्या उन्हाळ्याला जे जिलेटिन टिकलं नाही, ते आपल्या मार्चला काय टिकणार!

चायना ग्रासचे शॉट्स ओट्यावरच बसतात. ३५ ते ४० अंशांना आलं की ते जमायला लागतं, म्हणजे वीस मिनिटांत ट्रे तयार आणि फ्रीज घरच्यांसाठी मोकळा. थंडगार आवडतात म्हणून वाढण्याआधी तासभर आत ठेवा, पण ती आवड झाली, गरज नाही. सगळे ट्रे एकदम गच्चीवर न्या, सावलीत टेबलावर मांडा आणि विसरून जा. आणखी एक सोय मला फार आवडते. मिश्रणाचा चमचाभर थेंब बशीत टाकला की दोन-तीन मिनिटांत कळतं, घट्ट झालंय की सैल. घट्ट वाटलं तर पाणी घाला, सैल वाटलं तर थोडी पावडर पाण्यात वेगळी उकळून त्यात मिसळा. अजून दारू किंवा आंबट रस घातला नसेल तर अख्खं मिश्रण पुन्हा उकळता येतं. जिलेटिनचा निकाल सकाळीच लागतो, आणि तोवर बाजार उघडलेला नसतो.

पण चायना ग्रासची खोडही सांगितली पाहिजे. ते उसंत देत नाही. उकळतं मिश्रण हातात आणि फ्रीजमधली गार वोडका त्यात ओतली की भांड्याच्या कडेला लगेच गोळे धरतात. वोडका किंवा वाइन आधी कोमट करून घ्यायची. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली तरी पुरे. मिश्रण गॅसवरून उतरवून जरा निवलं की मग दारू घालायची, म्हणजे ती उडूनही जात नाही. भांडं गरम पाण्याच्या कढईत ठेवून काम केलं तर कप भरायला पुरेसा वेळ मिळतो. वोडका किंवा रम असेल तर एकूण द्रवाच्या एक तृतीयांशापलीकडे जाऊ नका. नाहीतर जिलेटिन असो की चायना ग्रास, जेली ढेपाळते. वाइन निम्म्यापर्यंत चालते.

दुसरी खोड थरांची. जिलेटिनचा गरम थर खालच्या थराला किंचित वितळवून त्याला चिकटतो, चायना ग्रास चिकटत नाही. खालचा थर पुरा घट्ट झाल्यावर वरचा ओतला की दोन्ही जमतात, पण एकमेकांना सोडून. साच्यातून काढताना गुलाबी वेगळा, पिवळा वेगळा घरंगळतो. यावरचा इलाज वेळेचा आहे: खालच्या थरावर नुसती साय धरल्यासारखी झाली, बोट टेकवलं तर खूण पडते पण बोटाला लागत नाही, की पुढचा थर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडायचा. उशीर झालाच तर काट्याने वरचा पृष्ठभाग हलकेच खरवडून घ्यायचा. कपातच वाढणार असाल तर एवढी काळजीही नको, थर कुठे जात नाहीत.

तिसरं, ते पाणी सोडतं. सकाळी केलेल्या शॉटवर संध्याकाळी दोन थेंब दिसतात. साखर बेताची असेल तर जास्तच. वाढण्याआधी टिश्यूने टिपून घ्यायचं. आदल्या रात्री न करता त्याच सकाळी केलं तर हा प्रश्न जवळपास उरत नाही, आणि चायना ग्रासमध्ये त्याच सकाळी करणं शक्य असतं.

थीमच्या दृष्टीने मात्र ही न चिकटण्याची खोडच कामाला येते. आम्ही शॉटची छोटी रहाड करतो. चौकोनी सिलिकॉन साच्यात नारळाच्या दुधाचा थर, त्यात काळ्या खायच्या रंगाचा नुसता स्पर्श, म्हणजे दगडासारखी राखाडी छटा येते. जमला की केकच्या नोझलच्या रुंद टोकाने मधोमध दाब द्यायचा आणि चमच्याने गोल तुकडा अलगद उचलायचा. तळाला अर्धा बोट जाड थर राहिला पाहिजे. खळग्याच्या आतल्या बाजूला काट्याचे ओरखडे. मग रंग ओतायचा, कोमटाहून जरा गरम. गुलाबीसाठी गुलाबाचं सरबत आणि व्हाइट रम, पिवळ्यासाठी ताजा अननस आणि वोडका, केशरीसाठी संत्र्याचा रस, चार काड्या केशर आणि पांढरी वाइन. राखाडी काठाला ८५ अंशांखाली काहीच होत नाही, त्यामुळे गुलाबी त्यात उतरत नाही, कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ राहते. जिलेटिनमध्ये हेच केलं तर गरम रंगाने काठ वितळतो आणि दगड गुलाबी होतो. रंग पुरता थंड करून ओतला तर जिलेटिननेही जमतं, पण तोवर तो भांड्यातच घट्ट व्हायला लागतो.

वर काय? धप्पा मारणारा माणूस म्हणून द्राक्षाची उभी फोड, अर्धी बुडालेली. मार्चमध्ये थॉम्सन द्राक्षं दारोदारी असतातच. चायना ग्रास पटकन धरतं, म्हणून फोड जिथे टेकवाल तिथे राहते. जिलेटिनमध्ये ती बुडते, म्हणून मिश्रण दाटसर होईपर्यंत घड्याळाकडे बघत बसावं लागतं. सब्जाचंही तसंच: जिलेटिनमध्ये सगळा सब्जा तळाला, इथे तो मधेच अडकतो. चांदीचा वर्ख दोन्हींवर छान बसतो, फक्त लावताना पंखा बंद करा.

दोन्ही एकत्र करावं का, असं कुणी विचारतं. थोडं चायना ग्रास आणि थोडं जिलेटिन घालून पोत सुधारतो, हे खरं आहे. पण मग शाकाहारी पाहुणे गेले, आणि उन्हाचा धोका थोडा उरलाच. मला त्यात राम वाटत नाही.

जिलेटिन कुणी घ्यावं, तर ज्यांची पार्टी रात्री, घरात, एसीत आहे आणि ज्यांच्याकडे दुसरा फ्रीज आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी असताना तर नक्कीच. तेव्हा गच्चीवरही ते तग धरतं. पाहुणे मांसाहारी, थर कमी, स्वाद हलका आणि एका घोटात संपवायचा खरा शॉट हवा असेल, तर मीही जिलेटिनच सुचवेन. तोंडात विरघळण्याची ती मजा चायना ग्रासला येत नाही, आणि ज्याला तीच हवी त्याला बाकीची सगळी कारणं ऐकवून उपयोग नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारी, गच्चीवर, मिश्र पाहुण्यांत आणि एकाच फ्रीजवर भागवायचं असेल, तर माझा हात आपोआप चायना ग्रासकडे जातो.

पट्ट्या की पावडर, तर पावडर. पट्ट्या भिजवा, तोडा, उकळा, गाळा. चव तीच, कष्ट जास्त. पट्ट्या घरात असतीलच तर दहा ग्रॅमच्या पाकिटाला साधारण एक लिटर द्रव धरा आणि ती बशीची चाचणी केल्याशिवाय कप भरू नका.

आणि बिनदारूचे शॉट्स करणार असाल, जे गच्चीवर मुलं असतील तर करावेच लागतात, तर ते रंगाने वेगळे करू नका, आकाराने करा. रंग तर तिन्ही रहाडींचे सगळ्यांनाच हवे असतात. आमच्याकडे दारूचे सगळे चौकोनी साच्यात, मुलांचे सगळे झाकणाच्या गोल कपांत, आणि चौकोनी ट्रे मोठ्यांच्या टेबलावर, मुलांचा हात पोचणार नाही असा. जेलीत दारूचा वास दबतो आणि ती चढायलाही थोडा वेळ लागतो, त्यामुळे मोठ्यांनाही किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. परवाना आणि वयाचे नियम घरच्या पार्टीलाही आहेतच. गाडी घेऊन आलेल्यांना गोल कपांच्या टेबलाकडे वळवायचं.